दिल्लीला जाण्यापूर्वी

संसदेचे अधिवेशन जवळ आले की सीमाभागात दिल्लीस शिष्टमंडळ नेण्याची भाषा सुरू होते. यंदाही गावोगावच्या बैठकांतून ती सुरू झाली आहे. जावे की न जावे हा वाद आम्ही येथे घालीत नाही. जावे असेच आमचे स्पष्ट मत आहे. ज्या प्रश्नाचा निकाल दिल्लीत अडला आहे तो बेळगावच्या चौकात कितीही घोषणा दिल्या तरी सुटत नाही, हे ओळखण्याइतकी वर्षे आता लोटली आहेत. परंतु कसे जावे, काय घेऊन जावे, कोणास भेटावे आणि परत आल्यावर काय करावे, याचा विचार जितका व्हावयास हवा तितका होत नाही. आणि तो न होता झालेली दिल्लीवारी म्हणजे देवळाच्या पायरीवरून परत फिरलेली वारी होय.

या बाबतीत इतिहासाने आपल्याला एक धडा फार पूर्वीच दिला आहे. डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेलेला राज्य पुनर्रचना आयोग देशभर हिंडला. न्या. फाजल अली, पं. हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर या तिघांनी १०४ ठिकाणी जाऊन नऊ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. आयोगाकडे आलेल्या कागदांची संख्या १,५२,२५० झाली. सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आयोगाने हा आकडा नोंदविला, आणि त्याच्यापुढे जे लिहिले ते अधिक महत्त्वाचे आहे. यांतील बहुतेक कागद म्हणजे साध्या तारा आणि छापील ठराव असून विचारपूर्वक सिद्ध केलेली निवेदने सुमारे दोन हजारांपेक्षा जास्त नाहीत, असा त्याचा आशय होता. दीड लाखात दोन हजार! बाकीचे सारे कागद मोजले गेले, वाचले गेले नाहीत. तारांच्या त्या ढिगात आपल्या गावच्या तारा नव्हत्या, असे आपल्यापैकी कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

त्या काळच्या माणसांना आम्ही दोष देत नाही. तार ठोकणे हेच त्यांना ठाऊक असलेले हत्यार होते, आणि १७ जानेवारी १९५६ रोजी ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या त्यांनी तर तारेपेक्षा फार मोठे मोल दिले. पण ज्यांना पुढे सत्तर वर्षे विचार करावयास मिळाली त्या आपण अजूनही आयोगाच्या भाषेतील ‘साध्या तारा’च घेऊन दिल्लीस जाणार असू, तर तो दोष दिल्लीचा नव्हे.

आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच एक शिष्टमंडळ गेले होते आणि आम्हीही त्यात होतो. उत्तरेकडील एका ज्येष्ठ खासदाराने सकाळच्या घाईतही आम्हांस बसावयास सांगितले, चहा मागविला आणि सरळ प्रश्न केला, “गावे किती?” आमच्यापैकी एकाने ८१४ सांगितली, दुसऱ्याने ८६५, आणि तिसऱ्याने ‘सुमारे नऊशे’ असे म्हणून दोघांवरही मात केली. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी हातातला कागद हलकेच बाजूला ठेवला आणि प्रवास कसा झाला याची चौकशी सुरू केली. त्या क्षणी आमची भेट संपली होती. पुढची दहा मिनिटे केवळ शिष्टाचाराची होती. ८१४ हा आकडा जुन्या मागणीच्या कागदांतला आणि ८६५ हा आजच्या मागणीतला, दोन्ही आपापल्या जागी खरे, हे सांगणारा एकही शब्द तेव्हा आमच्या तोंडून निघाला नाही. घरी येऊन मात्र आम्ही ‘भेट समाधानकारक झाली’ असे छापले. ते खरे नव्हते, हे आज लिहून टाकण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

सबब पहिली तयारी आकड्यांची. सर्वांच्या तोंडी एकच आकडा, एकच तारीख आणि एकच क्रम असला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. महाजन आयोग नेमला, त्यापूर्वी सेनापती बापटांनी मुंबईत उपोषण केले होते. १९६७ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करण्याचे ठरविले, आणि त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरुद्ध ठराव संमत केले. एवढे सारे अर्ध्या पानात बसते. उरलेल्या अर्ध्या पानात आपले तत्त्व सांगावे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चतुःसूत्री आहे, आणि तिच्यातील पहिल्या तीन गोष्टी आपण आज शोधून काढलेल्या नाहीत. आंध्र आणि मद्रास यांच्यामधील तंटा श्री. ह. वि. पाटसकर यांच्या मध्यस्थीने याच धर्तीवर सुटला, १९५९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून सीमा बदलली. बिहारच्या किंवा ओरिसाच्या खासदाराला बेळगावचा इतिहास माहीत असण्याचे कारण नाही. परंतु ‘हे एकदा या देशात झाले आहे’ हे वाक्य त्याला तात्काळ समजते. १९५१ च्या आणि २०११ च्या खानेसुमारीचे आकडे मात्र एकाच दमात सांगू नयेत. कोणता आकडा कोणत्या सालचा, हे प्रत्येक वेळी म्हणावे. समोरचा माणूस आकडे विसरेल. आपण ते जपून वापरतो, हे विसरणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. येथे आपली नेहमी गल्लत होते. ‘आम्हांला महाराष्ट्रात घाला’ हे वाक्य घेऊन खासदाराकडे गेलो तर तो सहानुभूती दाखवील आणि म्हणेल, प्रश्न न्यायप्रविष्ट आहे. हे त्याचे निमित्त असेलही. पण ते खोटे नाही. लोकसभेच्या नियमांनुसार न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर प्रश्न विचारता येत नाही आणि अशा बाबीवरील याचिकाही स्वीकारली जात नाही. इतकेच नव्हे, तर जी गोष्ट राज्याच्या विधिमंडळात मांडावयाची, तीही लोकसभेच्या याचिकेत चालत नाही. मग उरले काय? पुष्कळ उरले. जे न्यायालयात आहे ते वकिलांकडे सोपवून, आज राहत्या जागी आपल्याला जे मिळावयास हवे आणि मिळत नाही, त्याबद्दल केंद्राच्या गळ्यात घटनेने घातलेली जबाबदारी त्याच्यापुढे ठेवता येते.

सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्येच ३५०-अ आणि ३५०-ब ही दोन कलमे घटनेत आली. पहिल्याने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा भार राज्यावर टाकला आणि त्यासाठी राज्याला निर्देश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी निर्माण केला. संरक्षणांची अंमलबजावणी कशी होते याचा तपास करून त्याने राष्ट्रपतींना अहवाल द्यावयाचा आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा, असे ते कलम सांगते. याच आयुक्ताचे एक विभागीय कार्यालय बेळगावास होते, ही गोष्ट आपल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले मातृभाषेतून शिकू इच्छीत असतील तर ती सोय व्हावी, आणि ज्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, या गोष्टी मान्य झाल्याला कित्येक दशके उलटली. या मागणीत कन्नड भाषेचा द्वेष नाही, कोणाची एक इंच जमीन नाही, आणि न्यायालयाचा अवमान तर नाहीच नाही. कन्नड खासदारालाही ती सरळपणे नाकारता येणार नाही.

म्हणून जाण्यापूर्वी गावोगाव पुरावा गोळा झाला पाहिजे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्याला दिल्लीत किंमत नाही, कागदाला आहे. ग्रामपंचायतीची नोटीस फक्त कन्नडमध्ये आली असेल तर ती जपून ठेवावी आणि कोणत्या तारखेस, कोणत्या कार्यालयातून आली हे मागे लिहावे. घरपट्टीची पावती, शेताचा उतारा, वीजबिल यांच्या प्रती काढाव्यात. मराठी शाळेत शिक्षकाची जागा किती महिने रिकामी आहे, वर्गात मुले किती, पटावरची किती आणि प्रत्यक्ष किती, हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावे. त्यांना सही देण्याची भीती वाटत असेल तर पालकांनी आपल्या सहीने द्यावे. ३५० व्या कलमान्वये आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो वापरावा. अर्ज मराठीत द्यावा आणि पोच मागावी. कारकुनाने अर्ज घेण्याचे नाकारल्यास भांडू नये. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि टपालाची पावती जपावी. अशा पंचवीस पावत्या पंचवीस भाषणांपेक्षा दिल्लीत लांबवर जातात. यात खोटे किंवा फुगविलेले एकही उदाहरण घालू नये. एक कागद खोटा ठरला तर उरलेले चोवीस त्याच्याबरोबर बुडतील.

भेटावयाचे कोणाला? आपली धाव नेहमी महाराष्ट्राच्या खासदारांपर्यंत असते. ते लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ आहेत; त्यांना भेटलेच पाहिजे. परंतु ते आपलेच आहेत, आणि आपल्याच माणसांकडून ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे ऐकून परत येण्यासाठी दोन रात्रींचा प्रवास करण्याचे कारण नाही. ज्याच्या मतदारसंघात आपण राहतो त्याला आधी भेटावे. बेळगाव शहराचा खासदार वेगळा, निपाणीचा चिकोडीचा, आणि खानापूरकरांचा तर उत्तर कन्नडचा, म्हणजे पार कारवारकडचा. आपण त्याला मत दिले नसेल, देणारही नसू. तरी तो आपला प्रतिनिधी आहे आणि आपले गाऱ्हाणे ऐकणे हे त्याचे काम आहे. त्याने ऐकले नाही तर तसे सांगता येते. आपण गेलोच नाही तर काहीच सांगता येत नाही. त्यानंतर ज्यांच्या स्वतःच्या राज्यात सीमेचा किंवा भाषिक अल्पसंख्याकांचा प्रश्न आहे असे अन्य प्रांतांचे सदस्य निवडावे. कोणत्या सदस्याने कोणत्या विषयावर प्रश्न विचारले हे संसदेच्या संकेतस्थळावर आता कोणासही पाहता येते. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे काम द्यावे, ती ते एका संध्याकाळी करतील. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी बांधवांना विसरू नये. ते तेथले मतदार आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी आपल्या खासदारास आधी पत्र लिहिले असेल तर आपण दारात पोहोचण्यापूर्वी दार अर्धे उघडलेले असते. गोवा एक्सप्रेस ग्वाल्हेरवरूनच जाते. एखाद्याने तेथे उतरून एक दिवस मुक्काम केला तर काही बिघडणार नाही.

सभागृह अकराला भरते. तेव्हा भेट मागावयाची ती सकाळी नऊच्या आत निवासस्थानी. वेळ आधी लेखी मागावी आणि स्वीय सहायकाचे नाव लिहून ठेवावे. या माणसाला आपले लोक दारवान समजतात. वास्तविक आपला कागद खासदाराच्या डोळ्यांपुढे येईल की रद्दीत जाईल हे तोच ठरवितो. एका भेटीस पाचांपेक्षा अधिक जाऊ नये. पंधरा माणसे आत शिरली की सरबराई होते, चर्चा होत नाही. पाचांत एक शेतकरी, एक शिक्षक, एक विद्यार्थी असावा, आणि निदान एक तरी बाई असावी. मुलाच्या शाळेची हकीकत आईने सांगितली तर ती ऐकली जाते; तीच पुढाऱ्याने सांगितली तर ते भाषण होते. बोलावयाचे कोणी आणि लिहून घ्यावयाचे कोणी हे गाडीत बसण्यापूर्वी ठरलेले असावे. बोलणाऱ्याने पाच मिनिटांत थांबावे.

आपल्या हिंदीविषयी दोन शब्द. ती आपण समजतो तितकी चांगली नाही. आपले शब्द त्या भाषेत गेले की अर्थ बदलून बसतात. आपण ‘शिक्षा’ म्हणतो ती मास्तरांच्या छडीची. तिकडे तो शिक्षणाचा शब्द. आपले ‘संशोधन’ प्रयोगशाळेत चालते, त्यांचे कायद्यात होते. आणि आपण ज्याला ‘राजीनामा’ म्हणतो त्याचा तिकडे तडजोडीचा कागद होतो. सीमाप्रश्नावर कोणी राजीनामा द्यावयास तयार आहे असे बोलून बसलो तर समोरच्याची समजूत काय होईल, याची वाचकांनी कल्पना करावी. निवेदन इंग्रजीत एक पान, हिंदीत एक पान आणि मूळ मराठी असे असावे, आणि तोंडी बोलण्याची तालीम घरी चार वेळा व्हावी. यात कमीपणा काही नाही.

शेवटी त्या सदस्याकडे मागावयाचे काय? ‘आमचा प्रश्न मांडा’ एवढेच म्हणून उठू नये. त्याने अमुक एक गोष्ट करावी असे सांगावे आणि ती लिहून हाती द्यावी. प्रश्नासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, म्हणजे अधिवेशनाच्या अखेरीस जाऊन उपयोग नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताचा हट्ट धरू नये, अतारांकिताचे लेखी उत्तर आपल्याला अधिक कामाचे. प्रश्नाचा मसुदा आपणच न्यावा: भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचा अखेरचा अहवाल कोणत्या वर्षाचा आहे आणि तो सभागृहापुढे केव्हा ठेवला गेला, बेळगाव जिल्ह्याबाबत त्यात कोणत्या शिफारशी आहेत, त्यांवर केंद्राने काय केले. या प्रश्नात ‘सीमा’ हा शब्द नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यावे लागते. याचिका द्यावयाची झाली तर ती सभागृहाला उद्देशून, मर्यादशील भाषेत, शेवटी नेमकी प्रार्थना करणारी हवी. मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवे, आणि त्यावरही अर्जदाराची सही हवी. सह्या करणाऱ्यांनी नाव आणि पत्ता पूर्ण लिहावा. जिच्यावर मजकूर आहे त्या पानावर निदान एक तरी सही असावी. सह्यांचे गठ्ठे वेगळे बांधून मजकुराचे पान कोरे ठेवण्याची आपली सवय येथे घात करते. मूळ याचिकेला इतर कागद जोडावयाचे नसतात. ते खासदाराच्या हाती निराळे द्यावेत.

प्रवासाचे थोडक्यात. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी मिळते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पहिल्या दिवशी तिकिटे काढावीत. हिवाळी अधिवेशनास जाणाऱ्यांनी दिल्लीच्या थंडीची चेष्टा करू नये; बेळगावचा गारवा म्हणजे थंडी नव्हे. छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ प्रतीसह जवळ असावे. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोघांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उडी घेतली, तेव्हापासून तपासणी फार कडक झाली आहे. सज्जाच्या प्रवेशपत्रावर सारा कार्यक्रम बांधू नये. वृद्धांनी औषधे आठ दिवसांची घ्यावीत. वर्गणीतून जाणाऱ्यांनी पैशाचा हिशेब परत आल्यावर पंधरा दिवसांत गावच्या बैठकीत वाचावा. राहिला बेळगावचा कुंदा. तो जरूर न्यावा, पण आपल्यापुरता, गाडीत खाण्यासाठी. सदस्याच्या टेबलावर कुंद्याचा पुडा ठेवला की निवेदन त्याच्याखाली जाते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

आणि छायाचित्रे. प्रत्येक भेटीनंतर खासदाराला मध्ये घेऊन ओळीने उभे राहण्याची जी घाई होते, तिला आमच्यासारखी वृत्तपत्रेही जबाबदार आहेत. आम्ही छायाचित्र छापतो, सदस्य काय म्हणाला ते छापीत नाही, आणि त्याने कबूल केलेले काम झाले की नाही हे तर विचारतच नाही. यापुढे दिल्लीहून येणाऱ्या शिष्टमंडळाकडून आम्ही छायाचित्राऐवजी एक वही मागणार आहोत. कोणाला भेटलो, किती वाजता, त्याने काय विचारले, कोणत्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नव्हते, त्याने काय करण्याचे कबूल केले आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे तिच्यात असावे. भेटीच्याच दिवशी रात्री ती लिहावी. गाडीत लिहू म्हटले की ती लिहिली जात नाही. जे खाजगीत सांगितले गेले ते आम्ही छापणार नाही. बाकीचे छापू, आणि दोन महिन्यांनी त्या त्या नावापुढे काय झाले तेही छापू. आठ दिवसांच्या आत प्रत्येक सदस्याला आभाराचे पत्र जावे आणि त्यात त्याच्याच कबुलीची आठवण असावी. ज्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही त्याचे उत्तरही त्याच पत्रात द्यावे. आम्ही त्या ज्येष्ठ खासदाराला असे पत्र लिहावयास हवे होते. गावांच्या दोन आकड्यांचा खुलासा चार ओळींत झाला असता.

तयारीच्या बैठका आता सुरू होत आहेत. आपल्या गावच्या बैठकीला येताना प्रत्येकाने निदान एक कागद बरोबर आणावा. नोटीस असो, पावती असो, शाळेचा पट असो, परत आलेला अर्ज असो. त्याच्या मागे तारीख घालून आणावा. ज्यांच्याकडे असा कागद नाही त्यांनी सोमवारी तलाठ्याकडे किंवा पंचायतीत मराठीत एक अर्ज देऊन पोच मागावी आणि जे घडेल ते लिहून आणावे.